कमी खर्चात खोलीचे रूप पालटताना: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

घर जुनाट वाटू लागले की बहुतेक जण आधी खरेदीला निघतात. नवे पडदे येतात, उशांचे अभ्रे येतात, भिंतीवर लावायला एखादी फ्रेम येते, आणि सगळे जागच्या जागी लागल्यावरही खोली जवळजवळ पूर्वीसारखीच दिसते; कारण नव्या वस्तू जुन्याच पसाऱ्यात, जुन्याच अपुऱ्या उजेडात आणि चुकलेल्या मांडणीत जाऊन बसलेल्या असतात. थोड्या पैशांत खोली बदलता येते, पण त्यासाठी कामांचा क्रम पाळावा लागतो. आधी खोली पाहून मोजणे आणि रिकामी करणे, मग स्वच्छता व किरकोळ दुरुस्ती, मग मांडणी, मग उजेड, त्यानंतर भिंती व जुने फर्निचर, त्यानंतर कापड, आणि अगदी शेवटी टांगायच्या व शोभेच्या वस्तू, असा हा क्रम आहे. एखादा टप्पा लागू नसेल तर तो वगळावा, मात्र टप्प्यांची अदलाबदल करू नये.

काम एका वेळी एकाच खोलीचे हाती घ्यावे. सगळ्या घरात थोडे थोडे बदल केले की पैसा सगळीकडे विखुरतो आणि फरक कुठेच जाणवत नाही. दिवसातला सर्वाधिक जागता वेळ जिथे जातो, ती खोली पहिली.

## टप्पा 1: खोली नीट पाहणे आणि मोजणे

रोजच्या सवयीमुळे डोळ्यांना स्वतःच्या खोलीतले दोष दिसेनासे होतात. म्हणून दारातून एक आणि चारही कोपऱ्यांतून एकेक असे फोटो काढावेत; एकदा दिवसा, दिवे बंद ठेवून, आणि एकदा रात्री, दिवे लावून. हेच फोटो मोबाइलमध्ये कृष्णधवल करून पाहिले की रंगांची भुरळ बाजूला पडते आणि कोणता कोपरा फार काळवंडला आहे, कुठे गर्दी झाली आहे, कोणत्या वायरी लोंबत आहेत, हे चटकन लक्षात येते.

फोटो पाहताना ‘काय हवे’ याऐवजी ‘काय खटकते’ याची यादी करावी. ‘नवा सोफा हवा’ ही खरेदीची यादी झाली; ‘संध्याकाळी सोफ्यावर बसून वाचता येत नाही’ ही खरी तक्रार आहे, आणि तिच्यावरचा उपाय बहुधा सोफ्यापेक्षा स्वस्त असतो. यादी पाच-सहा मुद्द्यांवर थांबवावी आणि पुढचा प्रत्येक खर्च यातल्या एखाद्या मुद्द्याशी जोडता येतो का, हे पाहावे.

मग मापे घ्यावीत. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, त्यामुळे पोलादी टेप वापरावी. खोलीची लांबी व रुंदी दोन-दोन ठिकाणी मोजावी, कारण समोरासमोरच्या भिंती काटेकोर समांतर असतीलच असे नाही. छताची उंची, खिडकीची रुंदी व उंची, खिडकीच्या चौकटीपासून छतापर्यंतचे आणि जमिनीपर्यंतचे अंतर, दारे कोणत्या बाजूला उघडतात, स्विचबोर्ड व प्लग कुठे आहेत, आणि प्रत्येक मोठ्या फर्निचरची लांबी, रुंदी, उंची, हे सारे एकाच कागदावर उतरवावे. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला की दुकानात अंदाजाने खरेदी करण्याची वेळ येत नाही.

आधी हे तपासा. भिंतीला पोपडे सुटले असतील, पांढरी भुकटी जमली असेल किंवा कोंदट वास येत असेल, तर रंगाचा विचार तिथेच थांबवावा. संशयित जागेवर वीतभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का लावून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले, तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा आढळला, तर तो खोलीतल्या हवेचा आहे. पहिल्या स्थितीत गळती बंद होईपर्यंत त्या भिंतीवर एकही पैसा घालू नये. ओलीवर मारलेला रंग पुन्हा पोपडे धरतोच.

भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडणे, रंग बदलणे किंवा दिव्याची बैठक बदलणे याला मालकाची संमती लागते का, हेही याच टप्प्यावर लेखी विचारून घ्यावे.

## टप्पा 2: खोली रिकामी करणे

जड फर्निचर सोडून बाकी सर्व, म्हणजे पडदे, फ्रेमा, शोभेच्या वस्तू, पुस्तके, टीपॉयवरचे सामान, दारामागे टांगलेले कपडे, खोलीबाहेर न्यावे. इथे ‘थोडे आवरून घेतो’ म्हणून वस्तू या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवण्याचा उपयोग नसतो. खोली निदान एक दिवस तशीच मोकळी ठेवावी. जागा किती आहे आणि ती कशाने अडली होती, हे त्या एका दिवसात जितके समजते तितके पुढच्या कोणत्याही टप्प्यात समजत नाही.

बाहेर काढलेल्या वस्तूंचे वर्गीकरण करताना प्रश्न एकच ठेवावा: ही वस्तू याच खोलीत वापरली जाते का? वापरली जात असेल तर परत येईल, दुसरीकडे वापरली जात असेल तर तिकडे जाईल, आणि कुठेच वापरली जात नसेल तर घराबाहेर जाईल. भावनिक मोल असलेल्या वस्तूंसाठी एक बंद पेटी ठेवावी आणि तिचा निर्णय शेवटच्या टप्प्यापर्यंत लांबवावा; पहिल्याच दिवशी त्यांच्यापाशी अडले की सगळे काम अडते.

इशारा. या टप्प्यावर टोपल्या, डबे, कप्प्यांचे स्टँड विकत घेऊ नयेत. काय उरणार हे ठरण्याआधी साठवणीची साधने आणली, तर जे टाकायचे होते तेच नीट रचून ठेवले जाते.

## टप्पा 3: स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती

धूळ नेहमी वरून खाली काढावी: आधी छताचे कोपरे व जळमटे, मग पंखा, दिव्यांची झाकणे, कपाटांची वरची बाजू, खिडक्यांच्या चौकटी, आणि शेवटी जमीन. भिंत ओल्या फडक्याने पुसताना मात्र खालून वर जावे. कोरड्या मळक्या भिंतीवरून घाण पाण्याचे ओघळ उतरले की त्यांचे डाग निघणे कठीण होते. खालचा भाग आधीच ओला असेल तर ओघळ सहज पुसले जातात. सौम्य साबणाचे पाणी आणि घट्ट पिळलेला स्पंज पुरतो. डाग घासून काढणारे पांढरे स्पंज मिळतात ते मुळात बारीक पॉलिश पेपरसारखे काम करतात, त्यामुळे चकचकीत पृष्ठभागावर मंद पट्टे उमटतात. आधी दडलेल्या कोपऱ्यात घासून पाहावे.

खिडकीच्या काचा दोन्ही बाजूंनी आणि दिव्यांची झाकणे आतून धुतल्यावर खोलीतला उजेड स्पष्टपणे वाढतो. नवा दिवा घेण्याआधी हे झालेच पाहिजे.

इशारा. ब्लीच आणि आम्लयुक्त टाइल क्लीनर, किंवा ब्लीच आणि अमोनिया असलेले द्रावण, कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. स्विचबोर्ड व दिवे पुसण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, आणि पाणी थेट बोर्डावर न फवारता फडके किंचित ओले करून वापरावे.

दुरुस्तीची कामे लहान असतात, पण खोली थकलेली वाटते ती बहुतेक त्यांच्यामुळेच. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल द्यावे, हलणारे खुर्चीचे पाय आवळावेत. लाकडात स्क्रू नुसताच फिरत असेल, तर तो काढून भोकात लाकडाचा गोंद लावलेल्या एक-दोन काड्या ठोकाव्यात, गोंद सुकल्यावर वरचा भाग कापावा आणि स्क्रू पुन्हा बसवावा. कपाटाचे हँडल बदलणे हा फार कमी पैशांत मोठा फरक पाडणारा बदल आहे, मात्र मापाची चूक इथेच होते. हँडलची एकूण लांबी मोजायची नसते. एका स्क्रूच्या मध्यापासून दुसऱ्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजायचे असते. हे अंतर बहुधा 96, 128 किंवा 160 मिलिमीटर असते. ते जुळले तर नवी भोके पाडावी लागत नाहीत. दाराची जाडी आणि स्क्रूची लांबीही पाहून घ्यावी.

## टप्पा 4: मांडणी

या टप्प्याला एक पैसाही लागत नाही आणि फरक सर्वांत मोठा याचाच पडतो. तरीही फर्निचर ज्या भिंतीला पहिल्या दिवशी टेकले, तिथेच ते वर्षानुवर्षे राहते. जड वस्तू ओढण्याआधी वर्तमानपत्रे जोडून प्रत्येक फर्निचरच्या आकाराचा कागद कापावा आणि तो जमिनीवर हलवून पाहावा.

मांडणी करताना पुढील अंतरे सांभाळावीत. येण्याजाण्याची मुख्य वाट 75 ते 90 सेंटिमीटर मोकळी असावी. सोफा आणि टीपॉय यांत 40 ते 45 सेंटिमीटर ठेवावे, म्हणजे पायही बसतात आणि हातही पोचतो. कपाटाचे दार व खण पूर्ण उघडून त्यापुढे माणूस उभा राहू शकला पाहिजे. लहान खोलीत सगळे फर्निचर भिंतींना चिकटवले की जागा वाढते असा समज आहे, पण त्याने खोलीच्या मध्ये निरुपयोगी पोकळी आणि कडेला दाटी एवढेच होते. बैठक भिंतीपासून थोडी पुढे घेतली किंवा एक खुर्ची तिरकी वळवली, तरी खोली मोकळी भासते.

उंच कपाट खिडकीला लागून असेल तर ते तिथून हलवणे हेच पहिले काम, कारण ते बाहेरून येणारा उजेड अडवते. दारातून आत शिरताना नजर थेट उंच, गडद वस्तूवर आदळणार नाही, असेही पाहावे.

फर्निचर सरकवताना खण रिकामे करावेत आणि पायांखाली जुने ब्लँकेट किंवा जाड चादर घालावी. फरशीवर ओरखडे उठत नाहीत.

इशारा. लहान मुले असलेल्या घरात उंच, अरुंद फडताळे व कपाटे भिंतीला कोनी पट्टीने बांधल्याशिवाय ठेवू नयेत. मूल खणावर चढले की ती पुढे कलंडतात. प्लग लांब पडला म्हणून एक्स्टेन्शनची वायर गालिच्याखालून नेऊ नये, कारण ती दबून तापली तरी दिसत नाही.

तपासणी. प्रत्येक बसण्याच्या जागेवर स्वतः बसून पाहावे. तिथे हातातली वस्तू टेकवायला जागा आहे का, उजेड पुरतो का, समोर काय दिसते? मग ही मांडणी आठवडाभर वापरावी. पाय कुठे आपटतो ते तीन दिवसांत कळते.

## टप्पा 5: उजेड

भिंतीचा रंग ठरवण्याआधी उजेड ठरवावा, कारण रंग कसा दिसेल हे त्यावर पडणाऱ्या प्रकाशावर ठरते. हा क्रम उलटा झाल्यामुळेच दुकानात आवडलेली छटा घरी आजारी वाटते.

छताच्या मध्यावरचा एकच प्रखर दिवा वरून सपाट प्रकाश टाकतो. चेहऱ्यांवर सावल्या पडतात आणि कोपरे अंधारे राहतात. त्याऐवजी वेगवेगळ्या उंचीवर निदान तीन दिवे असावेत: एक छताचा, एक बसल्या जागी वाचण्यासाठी, आणि एक अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीवर प्रकाश टाकणारा. वाचनाच्या दिव्याच्या झाकणाची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला आली की बल्ब डोळ्यांत खुपत नाही.

बल्ब घेताना खोक्यावरचे तीन आकडे वाचावेत. केल्विन हा प्रकाशाची छटा सांगतो: 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उबदार, 4000 च्या आसपास तटस्थ, 6500 म्हणजे निळसर पांढरा. बैठकीच्या व झोपण्याच्या खोलीला उबदार छटा शोभते, कामाच्या ओट्यावर किंवा टेबलावर तटस्थ छटा सोयीची पडते. ल्युमेन हा आकडा प्रकाश किती पडतो ते सांगतो. वॅट फक्त वीज किती खर्च होते ते सांगतो. पूर्वीच्या 60 वॅटच्या तारेच्या बल्बाचा प्रकाश साधारण 800 ल्युमेन असे आणि तेवढाच प्रकाश आज आठ-दहा वॅटचा एलईडी देतो. तिसरा आकडा सीआरआय. तो 100 च्या जितका जवळ तितके वस्तूंचे रंग खरे दिसतात. 80 पेक्षा कमी घेऊ नये, 90 मिळाला तर उत्तम.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे एकाच खोलीत एक बल्ब पिवळसर आणि दुसरा निळसर असणे. फक्त सगळे बल्ब एका छटेचे केले, तरी खोली जुळून आल्यासारखी वाटते.

आरशाने उजेड वाढतो हे खरे, पण आरसा समोर जे असेल तेच दुप्पट करतो. समोर पसारा असेल तर पसारा दुप्पट. खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर तो लावला की दिवसाचा प्रकाश खोलीत आत फेकला जातो.

## टप्पा 6: एका भिंतीचा रंग

सगळी खोली रंगवण्याऐवजी एकच भिंत रंगवणे पुष्कळदा पुरते. कोणती भिंत? जिच्यावर आधीच नजर जाते ती, म्हणजे पलंगाच्या उशाकडची किंवा मुख्य बैठकीच्या पाठीमागची. दारे, खिडक्या आणि स्विचबोर्ड यांनी तुटलेली भिंत निवडू नये. तिथे रंगाचे फक्त तुकडे दिसतात.

रंग छापील कार्डावरून ठरवू नये. छोटी डबी आणून जाड पांढऱ्या कागदाच्या मोठ्या तुकड्यावर दोन हात द्यावेत, कड पांढरी सोडावी, आणि तो तुकडा भिंतीवर वेगवेगळ्या ठिकाणी लावून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहावा. थेट जुन्या भिंतीवर नमुना मारला, तर भोवतीचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. ओला आणि वाळलेला रंगही सारखा दिसत नाही, म्हणून पूर्ण वाळल्यावरच निर्णय घ्यावा. भिंत खडबडीत असेल तर मॅट रंग घ्यावा; चकाकी जितकी जास्त, तितके उंचवटे उघडे पडतात.

किती रंग लागेल? चार मीटर लांब आणि 2.7 मीटर उंच भिंत 10.8 चौरस मीटर भरते. गुळगुळीत, प्राइमर (रंगाखालचा अस्तराचा थर) दिलेल्या भिंतीवर पाण्यात मिसळणारा एक लिटर रंग एका हाताला साधारण 10 ते 12 चौरस मीटर पुरतो, म्हणजे दोन हातांना दोन लिटरच्या आसपास. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो. एकाच छटेचे दोन डबे असतील तर दोन्ही मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटेतला बारीक फरक उमटत नाही.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवावा.

1. भिंतीवरून कोरडा तळहात फिरवावा. हाताला खडूसारखी भुकटी लागली तर जुना डिस्टेंपर सुटत आहे. तो खरवडून, पुसून, प्राइमर दिल्याशिवाय नवा रंग टिकणार नाही.
2. खिळे काढावेत, भोके व भेगा पुट्टीने भराव्यात. पुट्टी वाळताना आकसते, म्हणून खोल भोक एकदम न भरता दोनदा भरावे.
3. पुट्टी वाळल्यावर 150 नंबरच्या आणि शेवटी 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. मग खोली अंधारी करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकावा; उरलेला प्रत्येक उंचवटा त्याच्या सावलीमुळे दिसतो.
4. धूळ ओलसर फडक्याने पुसावी. चिकटपट्टी आणि रंग दोन्ही धुळीवर बसत नाहीत.
5. कडांना मास्किंग टेप लावून तिची कड बोटाने दाबावी, जमिनीवर जुनी चादर पसरावी, बोर्डाचा मुख्य स्विच बंद करावा.
6. पुट्टी भरलेल्या जागी प्राइमर द्यावा. हा टाळला तर त्या जागा रंग जास्त शोषतात आणि वाळल्यावर फिकट ठिपके दिसतात.
7. ब्रशने कडेची पाच-सात सेंटिमीटर पट्टी रंगवावी आणि ती ओली असतानाच रोलर फिरवावा. आधी चारही कडा रंगवून घेऊन मग मधला भाग करायला गेले, तर कडा वाळतात आणि भिंतीभोवती चौकट दिसते.
8. रोलर सुमारे मीटरभर रुंदीच्या भागात नागमोडी फिरवून रंग पसरावा आणि शेवटचे फटके वरून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने मारावेत. वाळू लागलेल्या भागावर परत जाऊ नये.
9. दुसऱ्या हातापूर्वी डब्यावर दिलेला वेळ थांबावे. मधल्या वेळात रोलर धुण्याची गरज नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवला तरी चालतो.
10. दुसरा हात पूर्ण वाळण्याआधी टेप तिरकी, सावकाश ओढून काढावी. रंग कडक झाल्यावर ओढली तर कड फाटते; तसे झालेच तर आधी पात्याने रेघ मारून घ्यावी.

इशारा. फार जुन्या रंगांच्या थरांत शिसे असू शकते. असे थर कोरडे घासून धूळ उडवू नये, आणि लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या कामापासून लांब ठेवावे. शंका असेल तर खरवडण्याचे काम जाणकाराकडे सोपवावे.

हात लावून वाळलेला वाटणारा रंग पूर्ण घट्ट व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. तोवर ती भिंत धुऊ नये आणि फर्निचर तिला टेकवू नये.

रंगाऐवजी मागे गोंद असलेला वॉलपेपर लावायचा असेल, तर तळहाताची चाचणी इथेही लागू आहे; भुकटी सुटणाऱ्या भिंतीवर तो काही दिवसांत वळतो. पहिली पट्टी भिंतीच्या कोपऱ्याला धरून लावू नये, कारण कोपरे क्वचितच सरळ असतात. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, सोडून उभी रेघ आखावी आणि पट्टी त्या रेघेला जुळवावी. प्रत्येक पट्टी वर-खाली पाच-पाच सेंटिमीटर जास्त कापावी आणि नक्षी किती अंतराने पुन्हा येते ते पाहूनच लांबी ठरवावी.

## टप्पा 7: जुने फर्निचर

लाकडी किंवा लॅमिनेटच्या टेबलाला, कपाटाला नवा रंग देता येतो, पण थेट नाही. आधी तेलकटपणा धुवावा, मग 220 नंबरच्या पेपरने चकाकी मरेपर्यंत हलके घासावे, मग गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्राइमर, आणि त्यावर दोन-तीन पातळ हात. एक जाड हात देऊन वेळ वाचवायला गेले की ओघळ येतात आणि नखाने साल निघते. रंगवलेल्या टेबलावर पहिले दोन-तीन आठवडे जड किंवा गरम वस्तू ठेवू नये. ज्यावर रोज पाणी सांडते अशा पृष्ठभागासाठी हा उपाय मी सुचवणार नाही.

## टप्पा 8: पडदे, अभ्रे, गालिचा

पडद्याचा गज आधी बसवावा, मगच कापड मोजावे. गज खिडकीच्या चौकटीला लागून न लावता 10 ते 15 सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना 15 ते 25 सेंटिमीटर बाहेर न्यावा. उघडलेले पडदे मग काचेवर न राहता भिंतीवर राहतात आणि खिडकी मोठी वाटते.

उदाहरणार्थ, 120 सेंटिमीटर रुंद खिडकीवर दोन्हीकडे 20 सेंटिमीटर बाहेर नेलेला गज 160 सेंटिमीटरचा होतो. चांगल्या चुण्या पडण्यासाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे शिवून तयार झालेले 320 सेंटिमीटर कापड लागते, दोन पडद्यांत प्रत्येकी 160. इथे काटकसर करून रुंदी कमी केली, तर बंद केलेला पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. त्यापेक्षा स्वस्त कापड घेऊन ते भरपूर वापरावे. उंची गजापासून जमिनीपर्यंत तीन ठिकाणी मोजावी, सर्वांत लहान मापातून एक सेंटिमीटर वजा करावा, आणि वर-खालच्या दुमडीसाठी 15 ते 20 सेंटिमीटर जास्त धरावेत. सुती कापड शिवण्याआधी एकदा धुऊन घ्यावे, कारण ते आटते. गुडघ्याएवढ्या उंचीवर संपणारा पडदा खोलीला बुटके करतो. खिडकीखाली ओटा किंवा टेबल असेल तेव्हाच तो आखूड ठेवावा.

रंगांचे प्रमाण ठरवताना खोलीचा सुमारे 60 टक्के भाग एका मुख्य रंगाचा, 30 टक्के दुसऱ्याचा आणि 10 टक्के उठावदार रंगाचा ठेवावा, असा प्रघात आहे. तो अंदाजापुरताच मानावा, पण उठावाचा रंग निदान तीन ठिकाणी, लांब लांब, पुन्हा दिसला पाहिजे. एकट्या लाल उशीचा मेळ कशाशीच बसत नाही.

गालिचा लहान घेणे ही सार्वत्रिक चूक आहे. तो सोफ्याच्या निदान पुढच्या पायांखाली गेला पाहिजे. माप ठरवण्यासाठी जमिनीवर मास्किंग टेपने त्याची हद्द आखून पाहावी. गुळगुळीत फरशीवर खाली घसरणरोधक जाळी घालावी.

## टप्पा 9: फ्रेमा टांगणे

फ्रेमेचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर असावा. फ्रेम सोफ्यावर असेल तर हा नियम बाजूला ठेवून सोफ्याच्या पाठीपासून 15 ते 20 सेंटिमीटर वर तिची खालची कड आणावी, आणि फ्रेमेची किंवा समूहाची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ठेवावी. बहुतेक घरांत फ्रेमा वीतभर जास्त उंच टांगलेल्या असतात.

खिळ्याची जागा अशी काढावी: मध्याची उंची, अधिक फ्रेमेच्या उंचीचा निम्मा भाग, वजा फ्रेमेच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचे अंतर. फ्रेम 60 सेंटिमीटर उंच असेल आणि तार वरच्या कडेखाली आठ सेंटिमीटरवर ताणली जात असेल, तर 147 अधिक 30 वजा 8, म्हणजे खिळा 169 सेंटिमीटरवर येतो.

अनेक फ्रेमा असतील तर प्रत्येकीच्या आकाराचे कागद कापून ते आधी भिंतीवर चिकटवावेत, मधली अंतरे सारखी, पाच ते आठ सेंटिमीटर ठेवावीत, आणि सगळा समूह एकच फ्रेम आहे असे धरून त्याचा मध्य काढावा. पाणसळ नसेल तर मोबाइलमधले लेव्हल अ‍ॅप चालते.

चिकट हुक वापरायचे असल्यास त्यावरची वजनमर्यादा निम्मीच धरावी, जागा स्पिरिटने पुसावी आणि ताज्या रंगावर ते लावू नयेत. हुक काढताना त्यामागची ताणून निघणारी पट्टी भिंतीलगत सरळ खाली ओढायची असते. स्वतःकडे ओढली तर रंगाचा पापुद्रा सोबत येतो.

इशारा. स्विच, प्लग किंवा भिंतीवरच्या दिव्याच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्यांच्या आडव्या रेषेत ड्रिल करू नये. वायरी सहसा तिथूनच गेलेल्या असतात. जड आरसा खिळ्यावर न टांगता भिंतीत स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग बसवून स्क्रूवर टांगावा.

## टप्पा 10: शोभेच्या वस्तू आणि शेवटची कामे

टप्पा 2 मध्ये बाहेर काढलेल्या वस्तू आता एकेक करून आत आणाव्यात, आणि खोली भरली असे वाटण्याच्या थोडे आधीच थांबावे. फडताळावर वस्तू ओळीने न मांडता वेगवेगळ्या उंचीच्या दोन-तीन वस्तू जवळ ठेवून बाजूला मोकळी जागा सोडावी. उरलेल्या वस्तू काही महिन्यांनी अदलाबदलीसाठी उपयोगी पडतात. बंद पेटीचा निर्णयही आताच घ्यावा.

झाडे ठेवायची तर उजेड पाहून निवडावीत. मनीप्लांट आणि स्नेक प्लांट कमी उजेडात तग धरतात, अंधारात नाही. कुंडीला तळाशी भोक असावे, आणि माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. घरातली झाडे तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक मरतात.

आता टप्पा 1 मधल्याच जागांवरून पुन्हा फोटो काढून तक्रारींची यादी तपासावी. काही मुद्दे तसेच उरले असतील, तर खरेदीची खरी यादी तीच.

उरलेला रंग लहान बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे, कारण आत हवा जितकी कमी, तितका तो टिकतो. बरणीवर छटेचा क्रमांक, खोली आणि तारीख लिहावी. पुढे भिंतीला ओरखडा पडला तर हा रंग ब्रशने फासू नये. स्पंजाच्या छोट्या तुकड्याने टिपत लावावा, म्हणजे डागडुजीची कड दिसत नाही.